डाव सांगणारी

"एक्स्पीरियन्स हवा," असं यशवर्धनजींनी तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा देवयानीचं डोकं सटकलं.

"तो कुठे मिळतो, यशवर्धनजी? सराफ्यात? तोळ्यावर? सांगा ना, आत्ता जाऊन घेऊन येते."

यशवर्धनजी इंदूरच्या संघाचे मालक. सांवेर रोडवर त्यांचा पाइपांचा कारखाना, आणि कारखान्यामागच्या मैदानावर हा संघ. देशात अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि त्यांनी संघ विकत घेतला, तेव्हा सगळ्या मित्रांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पण या माणसाने हौस पुरवली. हौसेच्या पुढे मात्र त्यांचं धाडस जात नसे.

देवयानी बर्वे त्यांची सहाय्यक प्रशिक्षक. आधी शाळेत गणित शिकवायची. इथे आल्यापासून चेंडू फेकणाऱ्या विक्रमला तिनेच घडवलं होतं. या खेळात दर झटापटीनंतर सगळे थांबतात, आणि मैदानाच्या कडेला उभा असलेला एक माणूस हेडसेटमधून सांगतो, आता पळायचं की फेकायचं, आणि कुणाकडे. ते डाव सांगायचं काम देवयानीला हवं होतं. त्या कामावर आजवर तीन जण येऊन गेले, तिघेही चांगले मुरलेले. तिघांचा अनुभव मुख्यतः हरण्याचा होता, पण अनुभव तो अनुभव! त्यातला तिसरा तर हंगामाचा शेवटचा सामना उरलेला असताना सामान बांधून चालता झाला. म्हणून ही बैठक.

"एक मॅच देऊन टाका हिला," खिडकीपाशी बसलेले जयसिंगराव म्हणाले. ते मुख्य प्रशिक्षक. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, आणि राव स्वतः आयुष्यभर बचाव शिकवत आलेले. आक्रमणाचा विषय निघाला की ते हात झटकायचे. "तसेही आपण कपच्या रेसमधून बाहेरच आहोत भिया. बिगडणार काय आहे?"

यशवर्धनजींनी विचार केला. "ठीक है, देवयानीजी. नागपूरवाल्यांना हरवा, पुढचा सीझन तुमचा. हरलात तर मी बाहेरून पक्का माणूस आणणार. मग तुम्ही बोलायचं नाही."

"हरले तरी बोलणार," देवयानी म्हणाली.

रविवारी दुपारी हेडसेट तिच्या कानावर चढला. पहिल्या सत्रात तिने नागपूरकरांच्या नाकी नऊ आणले. त्यांचा बचाव कुठे ढिला पडतो हे तिला पाठ होतं. त्यात तिच्याकडे एक हुकमी डावही होता. विक्रम चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी नेऊन त्याला दिल्याचं नाटक करायचा, समोरचे सगळे त्या बिचाऱ्यावर तुटून पडायचे, आणि चेंडू जायचा डाव्या कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या मानसकडे. महिनाभर तिने पोरांकडून ते नाटक घोटून घेतलं होतं.

दुसऱ्या सत्रात तिने तो डाव सांगितला. संघ पुढे होता, त्याची काही गरज नव्हती. पण वर काचेच्या खोलीत यशवर्धनजी बसले होते, आणि त्यांना दाखवायचं होतं. मानस एकटाच शेवटच्या रेषेपलीकडे पळत गेला, सहा गुण मिळाले, लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. देवयानीने मान वर करून काचेकडे बघितलं. अगदी ऐटीत बघितलं.

मग नागपूरकर सावरले. सामना संपत आला तेव्हा इंदूर चार गुणांनी मागे होतं. रेषा तीन यार्डांवर, आणि प्रयत्न एकच उरलेला. लाथ मारून चेंडू खांबांमधून काढला असता तर तीनच गुण मिळाले असते, म्हणजे तेही कामाचं नाही.

"बोल बेटा," जयसिंगराव म्हणाले.

देवयानीला दुसरं काही सुचेचना. तिने तोच डाव सांगितला. विक्रमने नाटक झकास केलं, पण तो कोपरा राखणाऱ्या नागपूरच्या पोराने यावेळी धावणाऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो तडक मानसकडे गेला आणि त्याने चेंडू खाली पाडला. सामना संपला.

विक्रम धापा टाकत आला. "सॉरी दीदी. मी थोडा उपर फेकायला हवा होता."

"तू बरोबर फेकलास. डाव मी सांगितला होता. सॉरी म्हणायचं नाही."

तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा जास्त राग येत होता. कुणी बोलावण्याची वाट न बघता ती जिना चढून काचेच्या खोलीत गेली. जयसिंगराव मागोमाग आले.

"मी म्हणत होतो ना," यशवर्धनजींनी सुरू केलं, "एक्स्पीरियन्स..."

"बरोबर म्हणत होतात."

या उत्तराची त्यांनी तयारी केलेली नव्हती.

"मुरलेल्या माणसाने तो डाव शेवटासाठी राखून ठेवला असता," देवयानी म्हणाली. "मी तो तुमच्यासमोर मिरवण्यात उडवला. ही अक्कल सकाळी माझ्याकडे नव्हती, आता आहे. तुमची मॅच घालवून आली आहे. आता मला काढायचं तर खुशाल काढा. मी नागपूरला जाईन. शिकले तुमच्याकडे, जिंकेन त्यांच्यासाठी."

"धमकी देताय?"

"हो."

जयसिंगराव खाकरले. "एक बात सांगून ठेवतो. ही तिकडे गेली तर हिला अडवायचं काम मला देऊ नका. मेरे बस का नहीं है."

यशवर्धनजींनी खाली रिकाम्या होत चाललेल्या मैदानाकडे बोट केलं.

"अच्छा, ये बताओ," ते म्हणाले. "तीच जागा, तेच तीन यार्ड. आता कोणता डाव सांगाल?"

देवयानीकडे उत्तर होतं. जिना चढता चढताच सापडलं होतं, आणि इतकं सोपं होतं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली होती. ते अगदी ओठांवर आलं. मग तिने त्या काचेकडे बघितलं, यावेळी आतून. हिच्यासमोर मिरवण्यात एक डाव आधीच उडाला होता.

"नाही सांगणार."

"क्यों देवयानीजी?" यशवर्धनजी चकित झाले. मग त्यांनी एकदा जयसिंगरावांकडे बघितलं, कपाळावरचा घाम पुसला आणि हात जोडले. "चला, सीझन तुमचा. बस? आता तरी सांगा."

"आता तर मुळीच नाही," देवयानी म्हणाली.