पांढऱ्या व्हायोलिनचा रंग

त्या साली व्हायोलिन घडवणाऱ्यांच्या मिटेनवाल्ड गावात उन्हाळा आलाच नाही. जून गेला, जुलै अर्ध्यावर आला, तरी कार्वेंडेलचा डोंगर ढगांतून डोकं बाहेर काढीना. घरोघरच्या मागच्या अंगणांत तारा ताणलेल्या होत्या. एरवी या दिवसांत तिथे अजून रंग न चढलेली पांढरी व्हायोलिनं ओळीनं लटकून ऊन खात असत. यंदा त्या तारांवरून नुसतं पाणी ठिबकत होतं.

क्रेसेन्झ प्रांटल रोज सकाळी खिडकी उघडून आभाळ बघायची आणि खिडकी लावून घ्यायची. तिच्या घरात रंगायचं राहिलेलं व्हायोलिन एकच होतं, पण ते शेवटचं होतं. तिचा नवरा कोर्बिनियान याचा एक डोळा आधीच अधू होता आणि दुसऱ्यानं नाताळच्या सुमारास साथ सोडली. हे व्हायोलिन त्यानं निम्मं नजरेनं आणि निम्मं बोटांनी पुरं केलं होतं. पुढच्या फळीचं स्प्रूसचं लाकूड त्याच्या वडिलांनी तोडून आणलेलं आणि छत्तीस वर्षं माळ्यावर वाळलेलं. पाठीला मेपलचं लाकूड. घडवणं त्याचं आणि रंग तिचा, अशी त्या घराची पंचवीस वर्षांची वाटणी होती.

नवं लाकूड असतं दह्याच्या कवडीसारखं. त्यावर तसंच वार्निश चढवलं तर वाद्य कच्चं, आजारी दिसतं. आधी लाकडालाच रंग यावा लागतो आणि ते काम ऊन करतं. त्याला महिना-दीड महिना लागतो. इकडे गिऱ्हाईक तर पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, दारात उभं राहणार होतं. आउग्सबुर्गच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या आडेलगुंड राइजर यांनी दोन वर्षांपूर्वी हे वाद्य सांगून ठेवलं होतं, आणि सप्टेंबरात त्यांना ते घेऊन मंचावर बसायचं होतं.

जुलैच्या शेवटी कोर्बिनियानचा धाकटा भाऊ क्विरिन भिजलेली टोपी झटकत आत आला. तो कपाटं आणि पलंग करायचा. त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता आणि डब्यात लाकूड रंगवायच्या अक्रोडी स्टेनचे काळेभोर दाणे.

"वहिनी, आभाळाकडे बघून मान मोडेल तुझी," तो म्हणाला. "गरम पाण्यात हे चमचाभर टाक, फडक्यानं पूस. तासाभरात महिन्याभराचं ऊन."

"कपाटावर पूस तुझ्या."

"पुसतोच की. माझी कपाटं पावसाळा बघून थांबत नाहीत."

क्रेसेन्झनं डबा घेतला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, सासऱ्यांना मदत करण्याच्या हौसेनं, तिनं एका व्हायोलिनच्या पुढच्या फळीला असाच स्टेन फासला होता. स्प्रूसवर केसासारख्या बारीक रेषा असतात, वर्षाला एक. दोन रेषांमधलं लाकूड वसंतात भरभर वाढलेलं, मऊ, तहानलेलं असतं. रेष मात्र टणक. स्टेन पडताच मऊ भाग तो घटाघटा प्यायला आणि काळवंडला. टणक रेषांनी तोंड मिटून घेतलं आणि त्या फिक्या राहिल्या. बघता बघता सगळी फळी फोटोच्या निगेटिव्हसारखी उलटी झाली. मध्येच कुठे सरसाचा डाग राहिला होता, तिथे पांढरा चट्टा. कुठे खरवडणीचा ओरखडा राहिला होता, तिथे काळी रेघ. घरातल्या कुणालाही न दिसलेली प्रत्येक चूक त्या स्टेननं चव्हाट्यावर आणली. आणि ती पुसताही येईना, कारण स्टेन रंगासारखा वर बसत नाही, आत शिरतो. खरवडायचा तर लाकूडच खरवडावं लागतं, आणि त्या फळीची जाडी सगळी मिळून तीन मिलिमीटर. ती फळी वायाच गेली. ती तिला अजून आठवत होती.

कोर्बिनियान चुलीजवळच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होता. क्विरिन गेल्यावर तो बायकोला लाडक्या नावानं हाक मारून म्हणाला, "झेन्झी, तू स्टेनवर चिडलीयस, पण तो बिचारा लाकडाला जे विचारायचं तेच विचारतो. आपण त्याला चुकीच्या लाकडाकडे पाठवलं तर दोष कुणाचा?"

"मग काय करू म्हणतोस?"

"तुकडे आहेत ना? त्यांना विचार. माझ्या डोळ्यांना विचारून आता उपयोग नाही."

या व्हायोलिनच्या कापणीतले तुकडे तिनं जपून ठेवले होते, स्प्रूसचे आणि मेपलचेही. दुसऱ्या दिवशी ती दिराच्या दुकानी स्वतः गेली आणि तो डबा मागून आणला. क्विरिननं टोमणा मारायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा पाहून डबा पुढे केला.

चार दिवस तिनं नुसते तुकडे रंगवले. स्प्रूसचा तुकडा पुन्हा उलटाच झाला. दुसऱ्याला आधी पातळ सरसाचा हात दिला, म्हणजे लाकूड जपून पिईल. रेषा उलटल्या नाहीत, पण जागोजागी ढग उठले. तिसऱ्याला अगदी पाणचट स्टेन दिला, तो मळका दिसला, म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटासारखा. स्प्रूसचं उत्तर एकच होतं: नको.

मेपलनं मात्र वेगळंच सांगितलं. तो तुकडा ओला होताच तिचा हात थांबला. तिनं लगेच दुसरा घेतला, खात्री करायला. मग ती नवऱ्यापाशी गेली आणि म्हणाली, "पाठ स्टेननं करते. पुढची फळी उन्हाची वाट बघेल."

"बाई येणारेत."

"येऊ देत."

ऑगस्टच्या चार तारखेला तिनं पाठ घेतली. आधी कोमट पाण्याचं फडकं फिरवून ती वाळू दिली. पाण्यानं लाकडाचे तंतू दाढीच्या खुंटांसारखे उभे राहिले, ते तिनं हलक्या हातानं घासून बसवले. हेच तंतू स्टेनखाली उठले असते तर सगळा मेळ बिघडला असता. कोर्बिनियाननं बोटं फिरवून दोन जागा दाखवल्या, तिला डोळ्यांनी न दिसलेल्या. त्या तिनं पुन्हा घासल्या. व्हायोलिनच्या माथ्याला, जिथे लाकूड गोगलगाईसारखं गुंडाळलेलं असतं, तिथे आडव्या छेदाची तोंडं उघडी असतात आणि ती स्टेन अधाशासारखा पितात. तिथे तिनं सरसाचं पाणी लावून त्यांची तहान आधीच मारली. स्टेन तलम कापडातून दोनदा गाळला. मग दार लोटून घेतलं. एकदा सुरू केल्यावर मध्ये थांबून चालत नाही. थांबलं तिथे कड उमटते आणि ती कायमची.

क्विरिन आत शिरायला आणि तिचं फडकं पाठीवर टेकायला एकच गाठ पडली. तो दाराशीच उभा राहिला.

पहिल्या हातात पाठ काळी झाली, डब्यातल्या दाण्यांइतकी काळी. तिनं जास्तीचा ओलावा लगेच टिपून घेतला, फळी रात्रभर वाळू दिली आणि सकाळी, क्विरिन पुन्हा हजर असताना, तो काळा थर हळूहळू घासून काढू लागली. सरळ तंतूंवरचा काळेपणा निघाला. पण मेपलमधले तंतू जिथे लाटेसारखे वळून आत जात होते, तिथे तो खोल राहिला. मग तिनं दुसरा हात दिला, अगदी पातळ, सोनेरी.

आणि पाठ पेटली.

एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ज्वाळांचे पट्टे उमटले. तिनं फळी किंचित कलती केली तर उजळ होते ते पट्टे गडद झाले आणि गडद होते ते उजळले, वाऱ्यात जवाचं शेत हलावं तसे. सपाट लाकूड होतं, हात लावला तर गुळगुळीत, पण डोळ्यांना ते खोल दिसत होतं, बोट बुडेल इतकं. पंचवीस वर्षं ती मेपल रंगवत आली होती. उन्हानं हे इतकं कधी दाखवलं नव्हतं. क्विरिननं टोपी काढून हातात घेतली होती, चर्चमध्ये घेतो तशी.

"बोला की कुणीतरी," कोर्बिनियान बाकावरून म्हणाला.

तिनं त्याचा हात धरला आणि त्याचं बोट एकेका पट्ट्यावरून कडेपर्यंत नेलं. मग पुढचा पट्टा, मग त्याच्या पुढचा. तो मोजत होता. सदतीस झाल्यावर तो म्हणाला, "एवढे? मी हे लाकूड सात महिने हातात घेऊन बसलो होतो."

अकरा तारखेला दक्षिणेचा कोरडा, ऊबदार वारा सुटला आणि एका दुपारीत आभाळ स्वच्छ झालं. गावभर तारा भरल्या. क्रेसेन्झनं आपलं व्हायोलिन टांगलं, पुढची फळी उन्हाकडे करून. पाठीला तिनं जाड काळं फडकं गुंडाळलं, कारण ऊन लाकडाला रंग देतं पण स्टेनचा रंग खाऊन टाकतं.

पंधराला आडेलगुंड राइजर आल्या. मागच्या अंगणात व्हायोलिन तारेवर बघून त्यांचा चेहरा पडला. उंच, सडपातळ बाई, प्रवासानं दमलेली. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "प्रांटलबाई, मला सप्टेंबरात वाजवायचंय. तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. आणि मोडतेय. ऑक्टोबराआधी वार्निश होणार नाही."

पाठीला स्टेन दिल्याचं कळल्यावर राइजरबाईंनी विचारलं, की तिथे रंग देता आला, तर पुढच्या बाजूला का नाही? प्रश्न रास्त होता. क्रेसेन्झनं दोन तुकडे आणून त्यांच्या हातात ठेवले. एक स्टेन लावलेला. दुसऱ्याच्या अर्ध्या भागावर तिनं अकरा तारखेलाच कागद बांधून तो उन्हात ठेवला होता. तिनं कागद सोडला. झाकलेला अर्धा भाग अजून दह्यासारखा होता. उघड्या अर्ध्यात चारच दिवसांत फिकट मध उतरला होता, आणि त्या मधात प्रत्येक रेष जागच्या जागी, आधीपेक्षा ठळक.

राइजरबाईंनी दुसरा तुकडा उन्हात धरला आणि रेषा मोजायला लागल्या. बोटभर रुंदीत एकोणीस. "म्हणजे एकोणीस वर्षं?" त्यांनी विचारलं.

"एवढ्यात एकोणीस. अख्ख्या फळीत शंभराच्या वर. ती एक रेष अरुंद आहे ना, ते वाईट वर्ष असणार. थंडीचं किंवा कोरडं."

राइजरबाई त्या अरुंद रेषेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तारेपाशी जाऊन व्हायोलिनकडे पाहिलं, पण हात लावला नाही. संध्याकाळच्या गाडीनं परतायचं ठरवून आलेल्या त्या बाई तीन दिवस गावातल्या खानावळीत राहिल्या. रोज सकाळी यायच्या, कोर्बिनियानशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि ऊन सरकेल तसं व्हायोलिन अंश-दोन अंश वळवायच्या. सप्टेंबरात त्यांनी जुन्याच वाद्यावर भागवलं.

ऑक्टोबरात व्हायोलिन पुरं झालं. राइजरबाईंनी ते प्रांटलांच्या स्वयंपाकघरातच पहिल्यांदा वाजवलं, आणि आंधळा कोर्बिनियान हनुवटी छातीला टेकवून ऐकत राहिला. क्रेसेन्झचं लक्ष मात्र एका खटकणाऱ्या गोष्टीकडे होतं. पाठ पुढच्या फळीपेक्षा दोन छटा गडद राहिली होती. जाणकाराला ते दिसलं असतं. तिनं ते राइजरबाईंना स्वतःहून दाखवलं. त्या म्हणाल्या, वाजवताना मला दोन्ही बाजू एकदम कुठे दिसतात?

अकरा वर्षांनी राइजरबाई व्हायोलिनच्या तारांखालची घोडी बदलून घ्यायला पुन्हा आल्या. कोर्बिनियान तेव्हा नव्हता. क्रेसेन्झचे केस पांढरे झाले होते आणि ती फक्त दुरुस्तीची कामं घेत असे. तिनं पेटी उघडली, व्हायोलिन खिडकीशी नेलं, पुढून पाहिलं, उलटून पाहिलं, पुन्हा पुढून पाहिलं.

इतक्या वर्षांच्या उजेडानं पाठीचा स्टेन थोडाथोडा उतरत गेला होता, ज्वाळा तशाच ठेवून. पुढचं स्प्रूस वर्षागणिक गडद होत गेलं होतं. दोघं कुठेतरी मध्ये येऊन भेटले होते. दोन्ही बाजूंचा रंग आता एक होता, तिनं कुठल्याही तुकड्यावर न पाहिलेला, तिच्या डब्यात नसलेला. हे जमवून आणलं असं ती म्हणू शकली असती. राइजरबाईंनी तसं विचारलंही.

"नाही," क्रेसेन्झ म्हणाली. "मला हे माहीत नव्हतं."

मग ती खुर्ची ओढून खिडकीशी बसली. राइजरबाईंची गाडी सुटायला दीड तास होता आणि घोडीचं काम अजून हातात घ्यायचं होतं. पण ती व्हायोलिन मांडीवर घेऊन, ते पुन्हा पुन्हा उजेडाकडे कलतं करत बसून राहिली, आणि राइजरबाईंनीही तिला घाई केली नाही.