खडूला हात न लावता

गणिताच्या बाईंना शाळेत सगळे मागून ‘तोफ’ म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडायचंही! तर या तोफेला यंदा पर्यवेक्षक केलं. काम काय, तर दुसऱ्यांच्या वर्गात बसायचं, तास बघायचा आणि मग शिक्षकाला चार उपयोगाचे शब्द सांगायचे. “हात्तिच्या! डाव्या हातचा मळ,” बाई म्हणाल्या.

पहिलाच तास नव्या बाईचा. पोरगी हुशार, पण आवाज मांजरीच्या पिल्लाएवढा. अपूर्णांक चालले होते. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, यावर गाडी अडली. मागच्या बाकावर तोफेच्या हाताला खाज सुटली. थोडा वेळ कळ काढली, मग उठल्या, खडू घेतला आणि असा काही तास रंगवला की मुलांनी टाळ्याच पिटल्या! नवी बाई खिडकीशी फडकं धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात शिरते न शिरते तोच मुलांनी विचारलं, “त्या बाई नाही आल्या?” झालं! ती तडक मुख्याध्यापकांकडे गेली आणि उद्यापासून येत नाही म्हणाली.

मुख्याध्यापकांनी तोफेला बोलावलं. “बाई, तुम्हाला बघायला पाठवलं होतं. तुम्ही तर तिचं ताट ओढून स्वतःच जेवून आलात!”

बाईंना फार वाईट वाटलं. पण हातपाय गाळणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. त्यांनी नव्या बाईला शिक्षकांच्या खोलीत गाठलं.

“चुकलं माझं. आज एक तास बघू दे. मग जायचं तर खुशाल जा.”

“तुम्ही परत खडू घ्याल.”

“हात लावला तर नावाची तोफ नाही!”

नव्या बाईला नको असतानाही हसू फुटलं.

या वेळी बाईंनी खुर्ची फळ्याशेजारी, मुलांकडे तोंड करून मांडली. खाज सुटली तेव्हा दोन्ही हात मांडीखाली दाबले. नव्या बाईने कालचाच प्रश्न विचारला, उत्तर वहीत लिहायला सांगितलं. एक मुलगी म्हणाली, “एक चतुर्थांश मोठा.” “चूक,” म्हणून नवी बाई पुढच्या मुलाकडे वळली. आणि बाई बघतच राहिल्या.

तास संपला. मुलं मधल्या सुट्टीसाठी बाहेर पळाली.

“सांगा काय ते,” नवी बाई म्हणाली.

“तू ‘चूक’ म्हणालीस ना, तेव्हा अर्धा वर्ग गुपचूप आपलं उत्तर खोडत होता.”

“अर्धा? पण काल तुम्ही एवढं छान...”

“तेच तर! टाळ्या वाजल्या, डोक्यात काही शिरलं नाही. काल मागून मला नुसत्या पाठी दिसल्या, पुढे आले तर नुसत्या टाळ्या ऐकू आल्या, गं.” बाईंना हे म्हणताना लाज वाटली आणि बरंही वाटलं.

नवी बाई रिकाम्या बाकांकडे बघत राहिली. “म्हणजे चारचा आकडा मोठा म्हणून... तिला विचारायलाच हवं होतं, तुला असं का वाटलं.”

कसं विचारायचं, ते बाईंच्या अगदी जिभेवर होतं. त्यांनी ते गिळलं.

घंटा झाली. बाई खुर्ची उचलायला वाकल्या.

“राहू द्या तिथेच,” फळा पुसता पुसता नवी बाई म्हणाली. “उद्या विचारणार आहे मी तिला. तुम्हाला बसायला लागेल.”