फिनेलचं झाकण

“बाई, खरं सांगा, पेटीत फिनेल तुम्हीच ओतलंत ना?” सुनेनं कामवाल्या बाईला विचारलं आणि वर्तमानपत्राआड बसलेल्या सासऱ्यांनी पेपर आणखी वर धरला.

गॅलरीतली गांडुळांची पेटी म्हणजे सुनेचा जीव की प्राण. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा ती निगुतीनं बारीक करून घालायची. इतक्या मायेनं तिनं नवऱ्यालाही कधी वाढलं नसेल. आज सकाळी एकूण एक गांडूळ वर येऊन मरून पडलं होतं.

ओतलं होतं सासऱ्यांनीच. इस्पितळात बत्तीस वर्षं सफाई मुकादम. वास आला की फिनेल, हे हाडीमाशी खिळलेलं. काल जुने साहेब भेटायला येणार होते. गॅलरीतून कुबट वास येतोय असं वाटलं आणि दोन झाकणं फिनेल त्यांनी पेटीत शिंपडलं. साहेब काही आले नाहीत.

“मी कशाला ओतू, ताई? मला काय कळत नाही?”

“मग फिनेलला या घरात दुसरं कोण हात लावतं?”

सासऱ्यांनी तोंड उघडलं. पण सगळी हयात सफाईत गेली आणि सफाईतच माती खाल्ली, हे सुनेसमोर, त्यातून कामवालीसमोर, कबूल करायला जीभ रेटेना. त्यांनी पान उलटलं. बाईनं एकदाच त्यांच्याकडे पाहिलं.

“उद्यापासून येऊ नका,” सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई घराची किल्ली परत द्यायला आली. सून कामावर होती. बाईच्या हातात बिस्किटांचा जुना डबा होता. आत ओली माती आणि वळवळणारी गांडुळं.

“खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून मागून आणली. आधी जुनी माती टाका आणि पेटी नुसत्या पाण्यानं धुवा, काका. नुसत्या पाण्यानं.”

सासऱ्यांचे कान तापले. “तुला माहीत होतं?”

“बाटलीचं झाकण एवढं घट्ट पिळून तुमच्याशिवाय कोण लावतं? मला रोज फडक्यानं उघडावं लागायचं.”

“मग काल बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते,” असं म्हणून किल्ली त्यांच्या हातात ठेवून ती गेली.

त्यांनी पेटी तीन वेळा धुतली. जन्मात कधी इतकी लाज वाटली नव्हती.

संध्याकाळी सून आली, पेटीत डोकावली आणि हरखली. “कुणी आणली?”

“बाईनं.”

“बघा! लाज वाटली असेल शेवटी.”

“तिला कशाला वाटेल? फिनेल मी ओतलं, सूनबाई.”

सून पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. सासऱ्यांनी चपला शोधल्या.

“ती राहते कुठं गं?”

सुनेला सांगता येईना. बारा वर्षं बाई या घरात येत होती.

किल्ली मुठीत धरून ते खालच्या काकूंना पत्ता विचारायला जिना उतरू लागले.