चौघांची कोपी

शिवम्माने छबुबाईचा पंजा दोन्ही हातांत घेतला, अंगठा आत दुमडला आणि हिरवी बांगडी हाडांवरून अलगद मनगटात उतरवली. शिरूरच्या तिच्या बांगड्यांच्या दुकानात तीस वर्षं एकच नियम होता. दाबायचा तो हात, काच नाही.

"आन् तू काच दाबतीस म्हणं," ती लेकीला म्हणाली. "दाबली की फुटती, हे शेंबडं पोरबी सांगल."

रुद्राणी हसली, पण मनापासून नाही. ती पुण्याला प्रयोगशाळेत काचेवर संशोधन करत होती आणि उद्या तिच्या जुन्या शाळेत तिचं भाषण होतं. आईने ते ऐकायला यावं, एवढीच तिची इच्छा. पण उद्या आठवडी बाजार, आणि बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवणं शिवम्माला ठाऊकच नव्हतं.

"मला काय कळणार? मी कावून येऊ?" सकाळपासून तिचं हेच पालुपद चाललं होतं.

रुद्राणीने शेवटचा प्रयत्न केला.

"आये, काचेचा कण दोन हिऱ्यांच्या मधी धरून चहूबाजूंनी दाबतात. मग न्हाई फुटत. आत एकेका अणूला चार शेजारी असतात, लई दाबलं की सहा होतात. दाब काढला की पुन्हा चार. पण काच काय पहिल्यासारखी सैल होत न्हाई. दाटच ऱ्हाती."

शिवम्माने दुसरी बांगडी उचलली. चेहरा कोराच. संपलं, असं रुद्राणीला वाटलं आणि तिचं मन खट्टू झालं.

"आमच्या कोपीसारखंच की गं," छबुबाई म्हणाली. ती ऊसतोडीवरून कालच परतली होती. सहा महिने फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, काढून. "आमी चौघं. मधीच दीर-जाऊ ऱ्हायला आले, झाले सहा. मग भांडी वर टांगली, पेट्या एकीवर एक रचल्या. ते गेले माघारी, पर पेट्या काय पुन्हा खाली उतरल्या न्हाईत."

रुद्राणी तिच्याकडे बघतच राहिली. संशोधनाच्या चार वर्षांत तिला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. शिवम्माचा हात बांगडीसकट तसाच थांबला होता.

दोन्ही हात भरून झाल्यावर छबुबाई उठली.

"उद्या सुनेला घिऊन येते, आक्का."

"परवा आण. उद्या दुकान बंद हाय."

"बाजाराच्या दिवशी?"

"शाळेत जायचंय." शिवम्माने बांगड्यांची पेटी झाकली आणि लेकीकडे न बघताच छबुबाईला म्हणाली, "आन् तूबी चल. कोपीतल्या पेट्यांचं काय हिला सांगता यायचं न्हाई."