बासष्ट अंशांची शिडी

चौकशी समितीचा माणूस आला तेव्हा मी नुकतीच तासावरून परतले होते. कापसाच्या गोदामात रंगकाम करताना मामूरजान नावाचा रंगारी शिडीवरून पडला होता. कंबर मोडली होती. शिडी किती कलती होती आणि का घसरली, एवढंच मी लिहून द्यायचं होतं. कोकंदच्या बांधकाम विद्यालयात तीस वर्षं मी हेच शिकवतेय, म्हणून कागद माझ्याकडे आला.

कागदाखाली मुकादमाचं नाव होतं, इल्होम. माझ्याच हाताखालून गेलेला मुलगा, वर्गात नेहमी पहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला. मी पियाल्यात चहा ओतला, पण त्याने हात लावला नाही.

"उस्ताद, मी कोन मोजून शिडी लावली होती. डोळे मिटून नाही."

"किती होता?"

"चौसष्ट. तुमच्या गणितात बासष्टला घसरते ना? मी वर दोन अंश जास्तच ठेवले."

"कामावरचा नियम पंचाहत्तरचा आहे, इल्होमजान."

"भिंतीलगत पाइपांसाठी चर खणला होता. शिडीचा पाय तेवढा आत घेता येईना. म्हटलं, उस्तादांचं गणित आहे, ते काय खोटं ठरणार?"

तो गेल्यावर मी जुनी वही काढली. गणित तेच होतं. पाच मीटरची शिडी, वीस किलो वजन, भिंत गुळगुळीत, जमिनीचा घर्षणांक ०.४, ऐंशी किलोचा माणूस चार मीटर चढलेला. शिडीच्या पायाभोवती आघूर्णं, म्हणजे फिरवणारे जोर, घ्यायची. माणसाचं आणि शिडीचं वजन तिला खाली फिरवू बघतं, भिंतीचा रेटा तिला उचलून धरतो, पण तो जमिनीच्या घर्षणाहून जास्त होऊ शकत नाही. दोन्ही सारखी झाली की कोन हाती लागतो. उत्तर बासष्ट. मी ते उत्तर चौकटीत लिहायला लावायचे आणि म्हणायचे, "हा आकडा विसरू नका."

माणूस आणखी वर गेला तर? ते मी कधी विचारलंच नव्हतं.

आता विचारलं. माणूस अगदी टोकाला धरला, तर सहासष्ट अंश हवेत. चौसष्टला शिडी साडेचार मीटरपर्यंत तग धरते, मग सुटते. शिडीचा पाय भिंतीपासून दोन मीटर वीसवर होता. तो फक्त सतरा सेंटिमीटर आत असता, एका वितीहूनही कमी, तर शिडी टिकली असती. मी तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच आलं.

संध्याकाळी इस्पितळात गेले. मामूरजान पाठीवर पडून होता. बायको इनोबत नानचे तुकडे चहात भिजवून त्याला भरवत होती.

"किती वर चढला होतास, बेटा?"

"वरचा कोपरा राहिला होता, आपा. दोन पायऱ्या अजून चढलो. मुकादम म्हणाला होता, शिडी हिशेबाने लावलीय, बिनधास्त चढ."

"खालून कोणी धरली होती?"

"कशाला धरतील? हिशेबाने लावली होती ना!" तो हसला, आणि हसताना कळ येऊन त्याने डोळे मिटून घेतले.

मी अहवाल लिहिला. कोन कमी होता, खाली धरायला माणूस नव्हता, चर बुजवायला हवा होता. शेवटी लिहिलं: 'हा कोन मुकादमाने माझ्या शिकवणुकीवरून घेतला. ते गणित अपुरं होतं. त्या चुकीत मी भागीदार आहे.'

समितीच्या अध्यक्षांनी तेवढ्याच ओळींवर बोट ठेवलं.

"मुहय्यो आपा, शाळेतलं गणित इथे कशाला? हे काढून टाका."

"मग सही माझी नको."

त्यांनी माझा अहवालच बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कोणाचा तरी मागवला. त्यात दोष मामूरजानचा निघाला: गरजेपेक्षा जास्त चढला. इल्होमला ताकीद मिळाली. त्यानंतर बाजारात तो मला दिसला की दुसऱ्या गल्लीत वळतो. त्याला माझा राग आलाय की लाज वाटते, मला अजून कळलेलं नाही. आधी त्याच्यावर मला राग होता, आता तोही धरवत नाही.

माझ्या अहवालाची प्रत घेऊन मी इनोबतकडे गेले. मामूरजान घरी आला होता, पण पाय हलत नव्हते. तिने दारातच कागद वाचला, शेवटच्या ओळी दोनदा.

"म्हणजे चूक यांची नव्हती?"

"एकट्याची नव्हती."

"आम्ही भरपाईचा दावा लावलाय. मग कोर्टात हेच बोलाल? सगळ्यांसमोर?"

"बोलेन."

तिने कागद घडी करून ओढणीत खोचला. आत या, असं ती म्हणाली नाही. "तारीख कळली की निरोप धाडते," एवढं बोलून तिने दार लावून घेतलं.