क्राफ्टी बाई

विजयसिंहांनी माइकवर हात ठेवला, शेजारी बसलेल्या तालुक्याच्या साहेबांकडे झुकले आणि स्वरूपाकडे नजरेनेच खूण करत हळूच म्हणाले, "शी इज अ व्हेरी क्राफ्टी वुमन." हात ठेवला की माइक बंद होतो, असा बिचाऱ्या अध्यक्षांचा समज. भोंग्याने ते वाक्य देवळाच्या पटांगणातून पार निमगावच्या रस्त्यापर्यंत नेलं.

दूधसंस्थेची वार्षिक सभा होती. खालच्या वस्तीवर दुसरं संकलन केंद्र उघडायचं, असा ठराव स्वरूपाने मांडला होता. वस्तीवरच्या बायका वर्षानुवर्षं डोक्यावर किटल्या घेऊन विजयसिंहांच्या दारातल्या केंद्रावर यायच्या, आणि उन्हाळ्यात निम्मं दूध नासलं म्हणून परत जायचं. पण वस्तीवर केंद्र झालं की अध्यक्षांच्या दारातला दरबार ओस पडणार. ते त्यांना कसं पचावं?

"मधीच विंग्रजीत काय म्हनले गं अध्यक्ष?" बायकांमधून सरुबाईंनी विचारलं.

स्वरूपाची कानशिलं तापली. बारामतीच्या कॉलेजात तिने बी.ए.ला इंग्रजीच घेतलं होतं. क्राफ्टी म्हणजे लबाड, कावेबाज. चुलतदीर असून विजयसिंहांनी चारचौघांत असं म्हणावं, याचा तिला संताप आला. पण अर्थ सांगितला असता तर बायका चवताळून उठल्या असत्या, सभा उधळली असती आणि ठराव गेला असता पुढच्या वर्षावर. ती पदर सावरत उभी राहिली.

"शाळेत क्राफ्टचा तास असतो ना मावशी, त्यातलाच शब्द. हाताला गुण असलेली, घेतलं काम तडीला नेणारी बाई. भावजींनी साहेबांपाशी माझी तारीफ केली." मग ती विजयसिंहांकडे वळली. "व्हय ना, भावजी?"

इकडे आड, तिकडे विहीर. खरा अर्थ सांगावा तर समोर रांगेने बसलेल्या बायका, आणि त्यांच्या डोळ्यांत कौतुक. साहेबांनी तर रुमालात तोंड लपवलं. विजयसिंहांनी माइकवरचा हात काढला.

"व्हय. तसंच."

मग काय! खुद्द अध्यक्षच तारीफ करतात म्हटल्यावर तळ्यात-मळ्यात करणारे पुरुषही हात वर करून मोकळे झाले. ठराव मंजूर झाला आणि टाळ्या काही थांबेनात. हसू येतंय की रडू, तेच स्वरूपाला कळेना. जिंकलो आपण, एवढंच ती शेजारणीला सांगत राहिली.

वस्तीकडे परतताना तिची सासू, प्रयागबाई, उसाच्या बांधाशी थांबली. किटल्या वाहून म्हातारीची मान कायमची अवघडलेली.

"आता खरं सांग. काय म्हनला त्यो?"

स्वरूपाने मागेपुढे पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

"पोचलेली बाई म्हणाले, आत्या."

प्रयागबाईने सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग खोटं काय म्हनला?"