बसल्या जागी चालणं

मुकादम गोदामात खुर्ची उबवत बसायचे आणि नुसत्या हातवाऱ्यांवर हमालांना पळवायचे. लेकीने दिलेलं स्मार्टवॉच बिचारं भोळं. ते त्या हातवाऱ्यांनाच पावलं समजायचं आणि रोज संध्याकाळी शाबासकी द्यायचं. "बघ, किती चाललो!" ते बायकोला ऐकवायचे.

रविवारी तिने ते आपल्या मनगटावर बांधलं. किरकिऱ्या तान्ह्या नातीला दोन्ही हातांनी छातीशी धरून ती दिवसभर घरभर फिरली. हात काही हलले नाहीत, म्हणून संध्याकाळी घड्याळाने सुनावलं, "आज तुम्ही बसूनच होतात. थोडं चाला."

"घड्याळ खोटं बोलत नाही हं," मुकादम मिशीत हसले.

तिने नात त्यांच्या हातात दिली. "मग उद्या तुम्ही बसा हिला घेऊन. मी जाते गोदामात हात हलवायला."